बँकव्यवसायाचे केंद्र : मुंबई आणि मध्यम शहरे

बँकांची मुख्यालये, त्यांच्या आपसांतील देण्याघेण्याचा निपटारा, सरकारी कर्जरोख्यांचे व्यवहार आणि बँकांवरील नियमन या चार गोष्टी ज्या शहरात एकवटतात, ते बँकव्यवसायाचे केंद्र होय. भारतात हे स्थान मुंबईकडे आहे. लोकसंख्येने वा व्यापाराने दुय्यम असलेले शहर मोठ्या शहराकडून हे स्थान घेऊ शकते काय, हा प्रश्न नगर-अर्थशास्त्रात वारंवार चर्चिला जातो. त्याची चर्चा करताना मुंबई स्वतः एके काळी दुय्यम होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

पूर्वपीठिका : गॅझेटिअरमधील नोंदीनुसार १७८० मध्ये मुंबईची लोकसंख्या १,१३,७२६ होती. पश्चिम किनाऱ्यावरील हुंडी-व्यवहार (एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळवून देणाऱ्या चिठ्ठ्यांचा धंदा) तेव्हा मुख्यतः सुरतेच्या सराफांकडे होता. मुंबईत कंपनी सरकारने १७२० मध्ये एक बँक काढली होती. तिचे काम सु. १७७० पर्यंत चालले. मात्र तिचा नंतरच्या बँकांशी धागा जोडणे धाडसाचे ठरेल. सुरतेच्या पेढ्या मुंबईकडे केव्हा वळल्या याबद्दल एकमत नाही. कंपनीच्या लष्करी खर्चासाठी सराफांनी दिलेल्या कर्जांमुळे हे स्थलांतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच घडले, असे एक मत. चीनकडे जाणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारामुळे ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झाले, असे दुसरे. पेढीची शाखा मुंबईत उघडणे आणि पेढीच मुंबईस हलवणे या दोन घटनांत फरक केल्यास दोन्ही मतांतील अंतर बरेच कमी होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पुण्याच्या सावकारी पेढ्यांचा सरकारी वसुलीवर आधारलेला व्यवहार आटला. त्यांपैकी किती भांडवल मुंबईत आले याचा माग फारसा लागत नाही.

कलकत्त्याशी स्पर्धा : इलाखा बँकांत (ब्रिटिश काळातील कलकत्ता, मुंबई व मद्रास इलाख्यांच्या बँकांत) कलकत्त्याची बँक सर्वांत जुनी (१८०६, १८०९ पासून बँक ऑफ बंगाल). बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये, तर बँक ऑफ मद्रास १८४३ मध्ये निघाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, बॅकबे भरणीच्या (समुद्र हटवून जमीन करण्याच्या) कंपनीसह अनेक कंपन्यांचे शेअर सट्ट्यात गेले, आणि १८६३ च्या कायद्याने हात मोकळे झालेल्या बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर सढळ कर्जे दिली. जुलै १८६५ मध्ये डोलारा कोसळला. १८६८ मध्ये जुनी बँक मोडीत निघून त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ असलेली शहराची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. या घटीचे एक कारण ही मंदी मानतात.

एवढा फटका बसलेले शहर पुढे कलकत्त्यास मागे टाकते, ते कधी व कशामुळे, हा खरा वादविषय आहे. एक पक्ष १९३७ हे वर्ष निर्णायक मानतो. रिझर्व्ह बँकेचे काम १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाले तेव्हा तिचे मध्यवर्ती कार्यालय कलकत्त्यात होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईस आले. दुसरा पक्ष १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यातील औद्योगिक अशांततेमुळे झालेल्या भांडवलाच्या स्थलांतराकडे बोट दाखवतो. तिसऱ्या मतानुसार कारण अधिक जुने आहे. कलकत्त्याच्या ताग व चहाच्या धंद्यास ब्रिटिश मॅनेजिंग एजन्सी (अनेक कंपन्यांचा कारभार पाहणाऱ्या पेढ्या) आणि परकीय विनिमय बँकांकडून (परदेशी व्यापारास पैसा पुरवणाऱ्या विदेशी बँकांकडून) पैसा मिळे, तर मुंबईच्या गिरण्या लोकांकडून थेट ठेवी घेत आणि देशी भांडवलदारांच्या हाती होत्या. १८७५ मध्ये येथे शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. बँक ऑफ इंडिया (१९०६), सोराबजी पोचखानवाला यांची सेंट्रल बँक (१९११) व युनियन बँक (१९१९) याच पायावर उभ्या राहिल्या. तारखांचा क्रम पाहता हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रिझर्व्ह बँक मुंबईत आली ती तेथे आधीच तयार असलेल्या नाणेबाजारामुळे (अल्पमुदतीच्या पैशाच्या बाजारामुळे), असे म्हणता येते. बंगालमधील अनेक छोट्या बँका १९४० नंतरच्या दशकात बुडाल्या आणि उरलेल्यांपैकी चार १९५० मध्ये एकत्र येऊन युनायटेड बँक ऑफ इंडिया झाली, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

मुख्यालयांचा निकष : १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांपैकी मुंबईच्या केवळ ४ होत्या. कलकत्त्याच्या ३, मद्रासच्या २, आणि दिल्ली, बंगळूर, बडोदे, पुणे व मणिपाल येथील प्रत्येकी १. म्हणजे मुख्यालये मोजून केंद्र ठरवावयाचे तर मुंबईचा वरचष्मा फारच किरकोळ ठरतो. बँका जन्मास घालण्यात मध्यम शहरे कधीच मागे नव्हती. मंगळूर–उडुपी पट्ट्यातून कॅनरा व कॉर्पोरेशन (दोन्ही १९०६), कर्नाटक (१९२४), सिंडिकेट (१९२५) व विजया (१९३१) या बँका निघाल्या. त्रिचूरमधून कॅथलिक सिरियन, धनलक्ष्मी व साउथ इंडियन. करूरमधून करूर वैश्य व लक्ष्मी विलास. महाराष्ट्रात सांगली बँक (१९१६), सातारची युनायटेड वेस्टर्न (१९३६), कोल्हापूरची रत्नाकर (१९४३) आणि वि. गो. काळे व द. के. साठे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र (१९३५) ही उदाहरणे आहेत.

मात्र ठेवी गोळा करणे आणि पैशाचा बाजार चालवणे ही वेगळी कामे आहेत. बँकेला रिझर्व्ह बँकेकडे रोख राखीव निधी ठेवावा लागतो. दिवसाअखेर क्लिअरिंगमध्ये (बँकांच्या आपसांतील हिशेबाच्या निपटाऱ्यात) देणे निघाले तर तूट एका रात्रीच्या कॉल मनीने, म्हणजे दुसऱ्या बँकेकडून घेतलेल्या उसन्या पैशाने, भरून काढतात. धनादेशांचे गठ्ठे प्रत्यक्ष हातांनी पोचवले जात आणि दर दूरध्वनीवर ठरत, तेव्हा मुंबईच्या फोर्ट भागापासून दूर असणे महाग पडे. त्यामुळे मुख्यालय कोठेही असले तरी अनेक बँकांचा ट्रेझरी विभाग (बँकेचा निधी व रोखे यांचे व्यवहार पाहणारा विभाग) मुंबईत असे, आणि तो आजही तेथेच आढळतो. १९८६ मध्ये मुंबईत चुंबकीय शाईच्या धनादेशांचे यांत्रिक क्लिअरिंग सुरू झाले, २००४ मध्ये आरटीजीएस व २००५ मध्ये एनईएफटी या पैसे पाठवण्याच्या इलेक्ट्रॉनिक पद्धती आल्या. अंतराचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या संपला. ट्रेझरी विभाग तरीही हलले नाहीत. याचे स्पष्टीकरण दलाल, वकील, लेखापरीक्षक व अनुभवी डीलर यांच्या सान्निध्यात शोधले जाते.

मध्यम शहरांच्या बँकांची पुढील वाटचाल थोडक्यात अशी : १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर सक्तीच्या विलीनीकरणांना वेग आला. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट व कॉर्पोरेशन २०२० मध्ये अनुक्रमे कॅनरा व युनियन बँकेत विलीन झाल्या. रत्नाकर बँकेचे नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात राहिले, पण कॉर्पोरेट कार्यालय मुंबईत आले.

परदेशांतील दाखले : फ्रँकफुर्ट हे हॅम्बुर्गहून बरेच लहान शहर. १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीची मध्यवर्ती बँक तेथे स्थापन झाली, १९५७ मध्ये तिची बुंडेसबँक झाली, आणि १९९८ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकही तेथेच आली. बर्लिनचे विभाजन झाले नसते तर हे घडले असते काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील शार्लट शहराची वाट निराळी. नॉर्थ कॅरोलायना राज्याने राज्यभर शाखा उघडण्यास पूर्वीपासून मुभा दिल्याने तेथील बँका मोठ्या झाल्या. १९९८ मध्ये शार्लटच्या नेशन्सबँकेने सॅन फ्रान्सिस्कोची बँकअमेरिका ताब्यात घेऊन मुख्यालय शार्लटमध्येच ठेवले. शेअर व रोखेबाजार मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिला.

अलीकडील घडामोडी : मुंबईस आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्याची शिफारस पर्सी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये केली. प्रत्यक्षात देशातील पहिले असे केंद्र गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत २०१५ मध्ये सुरू झाले व त्याचे नियामक प्राधिकरण २०२० मध्ये स्थापन झाले. वांद्रे-कुर्ला संकुलाचा दावा डावलला गेल्याची भावना महाराष्ट्राच्या राजकारणात तीव्र आहे. तथापि गिफ्ट सिटीतील बँक शाखांचे व्यवहार मुख्यतः परकीय चलनात होतात. रुपयातील कॉल मनी आणि सरकारी रोख्यांचा बाजार मुंबईतच आहे.