अर्भकमृत्यू : नाशिक जिल्ह्यातील आर्थिक व सामाजिक कारणे

वयाचे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी होणाऱ्या मृत्यूस अर्भकमृत्यू म्हणतात आणि दर हजार जिवंत जन्मांमागील अशा मृत्यूंची संख्या म्हणजे अर्भक मृत्युदर. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 2020 मध्ये हा दर भारतात 28, तर महाराष्ट्रात 16 होता. नाशिकसारख्या जिल्ह्यात मात्र सरासरीवर विसंबता येत नाही, कारण निफाडचा सधन द्राक्षपट्टा आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आदिवासीबहुल डोंगराळ तालुके तिच्यात एकत्र मिसळतात.

या तालुक्यांत पाऊस भरपूर पडत असला तरी सिंचन तोकडे आहे. त्यामुळे भात, नागली, वरई ही खरिपाची पिके घरात आली की अनेक कोकणा, महादेव कोळी व वारली कुटुंबे द्राक्षबागा, ऊसतोड किंवा वीटभट्ट्यांकडे मजुरीला निघतात. गरोदर बाईही सोबत जाते. तिचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि आशाताईंच्या वहीत राहते, ती स्वतः तेथे नसते. राज्य शासनाने 2015 मध्ये अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली, परंतु एक वेळचे चौरस जेवण अंगणवाडीतच मिळणार असल्याने ज्या महिन्यांत कष्ट सर्वाधिक, नेमके त्याच महिन्यांत ते स्थलांतरित मातेच्या वाट्याला येणे अवघड होते. ज्या द्राक्षपट्ट्यात ही मजुरी होते, त्याची समृद्धी या हिशेबापासून वेगळी काढता येणार नाही.

लवकर झालेले लग्न, लागोपाठची बाळंतपणे, रक्तक्षय आणि अखेरच्या महिन्यांपर्यंतचे अंगमेहनतीचे काम यांमुळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. अर्भकमृत्यूंपैकी बहुसंख्य पहिल्या 28 दिवसांतच होतात. कागदोपत्री कारण कमी वजन, जंतुसंसर्ग किंवा श्वासावरोध असे नोंदले जाते, आणि ते खोटे नसते. फक्त ते साखळीतील शेवटची कडी असते.

ऑगस्ट 2017 मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात पन्नासहून अधिक अर्भके दगावल्याचे पुढील महिन्यात उघड झाले, तेव्हा इन्क्युबेटरच्या अपुरेपणाबरोबरच अत्यवस्थ बाळे उशिरा दाखल होण्याचा मुद्दाही पुढे आला. हा उशीर केवळ अज्ञानाचा नसतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, नवजाताचे उपचार आणि वाहन मोफत आहे. मात्र सोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि पाड्यावर मागे राहिलेल्या मुलांची सोय हा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.