सेर्चे लिमानीचे जहाज

इ.स. १०२५ च्या सुमारास तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर, ऱ्होड्स बेटासमोरच्या एका लहान खाडीत बुडालेले व्यापारी जहाज. तुर्की भाषेत ‘सेर्चे लिमानी’ म्हणजे चिमणीचे बंदर. स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांना ही जागा दाखवली. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या पथकाने तीस मीटरहून अधिक खोलीवर उत्खनन केले.

जहाजातला सर्वांत मोलाचा माल म्हणजे काच. एकूण सुमारे ३ टन काच होती. त्यातले २ टन कच्च्या काचेचे गोळे, तर उरलेला १ टन फुटकी भांडी आणि भट्टीतला टाकाऊ माल. वाळूपासून नवी काच बनवण्यापेक्षा जुनी वितळवायला इंधन कमी लागते, म्हणून हे तुकडे फातिमी खलिफांच्या राज्यातल्या सीरियाच्या किनाऱ्यावरून विकायला निघाले होते. संशोधकांनी ते लाखो तुकडे आधी रंगाप्रमाणे, मग काठ, बूड, कान असे वेगळे केले आणि वर्षानुवर्षे जोडत बसले. त्यातून शेकडो भांड्यांचे आकार उभे राहिले. मध्ययुगीन इस्लामी काचकामाची इतकी मोठी आणि नेमका काळ ठरलेली शिदोरी क्वचितच मिळते.

हा काळ ठरला तोही काचेवरूनच. नाणी तोलण्याची काचेची वजने जहाजात सापडली. कडेचा टवका उडवून वजन कमी केले, तर काचेवर ते लगेच दिसते. म्हणून फसवणूक टाळायला अशी वजने वापरत. त्यांवर खलिफांची नावे असत आणि सर्वांत अलीकडची वजने १०२४–२५ ची निघाली.

खलाशांविषयीचे पुरावे मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात. डुकराची हाडे आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) पद्धतीचे दोन कानांचे रांजण पाहता ते ख्रिस्ती असावेत. काही रांजणांवर मालकांची नावे खरवडलेली आहेत. भाले, मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजने, कंगवे आणि बुद्धिबळाची प्यादीही मिळाली.

जहाजाच्या सुमारे १५ मीटर लांबीच्या सांगाड्याचा जेमतेम पाचवा हिस्सा शिल्लक होता. तेवढ्यावरून जुन्या जहाजबांधणीचे अभ्यासक जे. रिचर्ड स्टेफी यांनी त्याची बांधणी उलगडली. जुन्या भूमध्यसागरी कारागिरीत आधी फळ्या एकमेकींत खाचांनी बसवत आणि आतल्या फासळ्या नंतर घालत. इथे मुख्य फासळ्या आधी उभ्या केल्या होत्या आणि फळ्या त्यांवर खिळ्यांनी ठोकल्या होत्या. त्यामुळे लाकूड व श्रम वाचत. पुन्हा उभारलेला हा सांगाडा आणि काच आज तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या किल्ल्यातील पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या संग्रहालयात आहे.