पोटगीवरचा कर कन्सेंट टर्म्समध्येच ठरतो

कन्सेंट टर्म्स (संमतीच्या घटस्फोटात दोघांनी लेखी मान्य केलेल्या अटी) लिहिताना पोटगीच्या आकड्यावरून खूप घासाघीस होते. ती एकरकमी द्यायची की दरमहा, याचा विचार शेवटी घाईघाईत उरकला जातो. आयकर मात्र त्यावरच ठरतो.

आयकर कायद्यात पोटगीसाठी स्वतंत्र कलम नाही, न्यायालयांचे निकालच आधार. प्रतापगढच्या राजकन्या माहेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात (संस्थान प्रतापगढ, साताऱ्याकडचा किल्ला नव्हे) मुंबई उच्च न्यायालयाने एकरकमी पोटगी ही भांडवली जमा (म्हणजे उत्पन्न नव्हे) मानली, म्हणून तिच्यावर कर नाही. दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न ठरते आणि विवरणपत्रात 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात दाखवावी लागते. एकरकमी रक्कम एफडीत ठेवली, तर तिच्या व्याजावर कर आहेच.

दरमहा म्हटलं की घाबरायचंही कारण नाही. महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,०००. दुसरं उत्पन्न नसेल, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच लागत नाही.

देणाऱ्याला वजावट कशातच नाही. सीतलदास तीरथदास यांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बायको-मुलांना दिलेली रक्कम उत्पन्नातून वजा मागितली होती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: पैसा आधी तुमच्या हाती आला, मग तुम्ही तो खर्च केलात. पगारातून पोटगी परस्पर कापली गेली, तरी फॉर्म १६ वर (नोकरी देणाऱ्याकडून मिळणारा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) पूर्ण पगारच दिसतो. दरमहाच्या पोटगीत एकाच पैशावर दोघांनी कर भरायचा, हे मला तरी पटत नाही. पण आज स्थिती हीच आहे.

घर किंवा फ्लॅट नावावर करायचा असेल, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधीच करून घेतलेला बरा. पती-पत्नी आयकराच्या दृष्टीने 'नातेवाईक', त्यामुळे एकमेकांना भेट म्हणून दिलेल्या मालमत्तेवर कर नाही. घटस्फोटानंतर ते नातं राहत नाही. विभक्त राहण्याच्या कराराखाली दिलेल्या मालमत्तेचं भाडं देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलंही जात नाही, पण तो करार लेखी असलेला बरा.

विवरणपत्रासोबत कागद जोडायचे नसतात, जपून मात्र ठेवायचे: हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, कन्सेंट टर्म्स, रक्कम जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, मालमत्ता असेल तर नोंदणीकृत दस्त. एकरकमी पोटगी हप्त्यांत मिळणार असेल, तर एकूण रक्कम आणि 'हे तिचेच हप्ते' हे वाक्य कन्सेंट टर्म्समध्ये स्पष्ट लिहून घ्या. रोखीने एक रुपयाही घेऊ नका.