पुढचा कंपॅनियन ऑर्क असणार का? या मागणीमागची जुनी गोष्ट

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन, म्हणजे आपलं ईएसओ, हजारो लोक एकत्र खेळतात तो फँटसी गेम, यात नवीन काहीही येणार म्हटलं की नकाशा केवढा, बॉस किती हे सगळं बाजूला राहतं आणि पहिला प्रश्न येतो की नवीन कंपॅनियन कोण? आणि लगेच याद्या सुरू. कुणाला ऑर्क बाई हवी, कुणाला म्हातारा नॉर्ड (या गेममधल्या जमाती), कुणाला व्हॅम्पायर, कुणाला चक्क ड्वेमर लोकांचं मशीन. नवीन खेळाडूंना वाटतं हे २०२१ ला कंपॅनियन आले त्यानंतरचं फॅड आहे. तर तसं नाहीये, ही मागणी गेमपेक्षाही जुनी आहे आणि तिचं मूळ बघितलं की लोक नेमकं काय मागतायत ते जरा वेगळंच दिसतं.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: कंपॅनियन म्हणजे तुमच्यासोबत फिरणारं, लढणारं, बडबडणारं, कंप्युटरने चालवलेलं पात्र, ज्याचा टँक (मार अंगावर घेणारा) करायचा, हीलर (इतरांना बरं करणारा) करायचा की नुसता मारामारीला ठेवायचा हे तुम्ही ठरवता, त्याला कपडे-हत्यारं देता आणि तो हळूहळू लेव्हल २० पर्यंत वाढतो.

सुरुवात करायची तर स्कायरिमपासून, म्हणजे याच जगातल्या एकट्याने खेळायच्या गेमपासून, करावी लागेल. नोव्हेंबर २०११. व्हाइटरन शहराचा यार्ल, म्हणजे सरदार, तुमच्यावर खूश होऊन लिडिया नावाची एक योद्धा सोबत देतो. ही लिडिया फार काही बोलत नाही, चार-पाच ठरलेली वाक्यं, आणि तिच्याकडे सामान द्यायला गेलं की तुमचं ओझं वाहायची मी शपथ घेतलीय असं अशा सुरात म्हणते की आपल्यालाच कसंतरी वाटावं. दारात उभी राहून वाट अडवायची तिला भारी हौस. पण लोकांनी जीव लावला. ती मेली की जुना सेव्ह परत लोड करणारे कितीतरी. बरं, एवढ्याशा चार वाक्यांवर लोकांचं भागेना म्हणून पीसीवाल्यांनी मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर, बनवून स्वतःचे सोबती घातले, त्यातला इनिगो नावाचा निळा खाजीट (मांजरासारखी जमात) तर हजारो संवाद घेऊन आला, म्हणजे एका मॉडमधलं पात्र मूळ गेममधल्या बहुतेक पात्रांपेक्षा जास्त बोलायला लागलं. तिथेच खरं तर कळायला हवं होतं की लोकांना ओझं वाहणारा हमाल नकोय.

मग एप्रिल २०१४ मध्ये पीसीवर ईएसओ आलं. बनवणारी झेनिमॅक्स ऑनलाइन ही वेगळी टीम, स्कायरिमवाली नव्हे. आणि इथे दोन वेगवेगळ्या गावचे लोक एकाच धर्मशाळेत उतरले असं झालं. एक गाव ऑनलाइन गेमवाल्यांचं, ज्यांना ग्रुप, गिल्ड, चार जणांनी मिळून लढायचं डन्जन हे सगळं पाठ. दुसरं गाव स्कायरिमहून आलेल्यांचं, ज्यांना एकट्याने टॅम्रिएल, म्हणजे या गेमांचं जग, फिरायचं होतं आणि जे पहिल्याच आठवड्यात विचारत होते, अरे माझी लिडिया कुठाय? त्यावरचं पहिल्या गावाचं उत्तर ठरलेलं, की बाबा हा ऑनलाइन गेम आहे, आजूबाजूला हजार माणसं आहेत, तेच तुझे सोबती. तर्काने बरोबरच होतं म्हणा. पण त्या हजारातला कुणीही तुमच्या क्वेस्टचा, म्हणजे कामगिरीचा, संवाद संपेपर्यंत थांबत नाही, तो पुढे पळून बॉस मारून मोकळा होतो आणि तुम्ही अजून दारात भुताशी बोलताय.

ही अडचण नवीन नव्हती, आधीच्या गेमांनी ती आपापल्या परीने सोडवली होती. गिल्ड वॉर्स या ऑनलाइन गेममध्ये २००५ पासूनच हेंचमन होते, माणसं कमी पडली की भाड्याने घ्यायचे, आणि त्यातली अलेशिया नावाची हीलर मागे राहून बरं करायचं सोडून थेट शत्रूत घुसते म्हणून तिच्या नावाने जोक चालायचे. मग २००६ च्या नाइटफॉल या त्याच्या पुढच्या भागात हीरो आले. यांची स्किल्स तुम्ही ठरवायची, कुठे उभं राहायचं ते झेंडा लावून सांगायचं. पण एकाने तीनच हीरो न्यायचे असा नियम होता, आणि लोकांची मागणी की सात द्या, आठ जणांची अख्खी पार्टी भरू द्या. ते व्हायला मार्च २०११ उजाडला, आणि त्याच वेळी मर्सिनरी हीरो म्हणून पैसे भरून तुमचंच दुसरं कॅरेक्टर सोबती करायची सोयही आली. म्हणजे सोबती विकता येतो हे त्यांना दहा वर्षं आधीच कळलं होतं. आणि गंमत बघा, २०१२ चं गिल्ड वॉर्स २ आलं त्यात हीरो नाहीतच! जुने लोक त्यावरून अजून कुरकुरतात.

एव्हरक्वेस्टने २००८ ला भाडोत्री योद्धे दिले, फायनल फँटसी १४ ने २०१९ ला डन्जनमध्ये कथेतलीच पात्रं सोबत न्यायची सोय केली, वॉरक्राफ्टने २०२४ ला डेल्व्हमध्ये ब्रान ब्राँझबिअर्ड दिला. हे सगळं एका वाक्यात उरकतो कारण आपल्या गोष्टीला खरा धडा मिळाला तो स्टार वॉर्स द ओल्ड रिपब्लिककडून. हा फँटसी म्हणायचा की सायफाय यावर भांडत बसू नका, लाइटसेबर म्हणजे तलवारच.

डिसेंबर २०११, म्हणजे स्कायरिमनंतर जेमतेम महिनाभराने. आठ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, प्रत्येकाला पाच सोबती, चाळीस पात्रं, सगळ्यांना आवाज, काहींशी प्रेम, लग्नसुद्धा. लोकांनी यांच्यात वर्षं घातली. मग २०१५ च्या ऑक्टोबरात नवीन भाग आला त्यात तुमचा हीरो पाच वर्षं गोठवला जातो आणि जागा होतो तोवर सगळे सोबती पांगलेले. ते एकेक करून परत यायला वर्षानुवर्षं लागली, आणि २०१६ च्या पुढच्या भागात तर व्हेट आणि टोरियन या दोन सोबत्यांतला एकच वाचवा असं थेट तुमच्यावरच टाकलं. ज्याची बायको व्हेट होती त्याने काय करायचं सांगा! तेव्हापासून त्या गेमच्या मागण्या नवीन पात्राच्या कमी आणि माझं माणूस मला परत द्या अशाच जास्त. सोबती देणं सोपं, दिलेला काढून घेणं महाग, हे सगळ्या इंडस्ट्रीने तिथे बघितलं.

इकडे ईएसओचं गाडं हळूहळू एकट्या खेळाडूकडे वळत होतं. मार्च २०१५ ला दरमहा वर्गणीची सक्ती गेली, ऑक्टोबर २०१६ ला वन टॅम्रिएल नावाचा बदल आला, म्हणजे कुठल्याही अलायन्सचा (गटाचा) माणूस कुठेही, कुठल्याही क्रमाने फिरू शकतो. फिरणं एकट्याने जमायला लागलं. पण सोबत? सोबत म्हणून मिळालं काय, तर नुसते मिरवायचे पाळीव प्राणी, क्राउन स्टोअर या गेममधल्या दुकानातून विकत घ्यायचे असिस्टंट, आणि २०१७ ला घरं आली त्यानंतर घरात शोभेला उभे करायचे पाहुणे. असिस्टंट म्हणजे टायथिस नावाचा डन्मर (डार्क एल्फ) बँकर, नुझिमे नावाची दुकानदारीण. बँक खिशात घेऊन फिरल्यासारखी सोय, मान्य, पण तुमच्या अंगावर ड्रॅगन आला तरी टायथिस शांतपणे खात्याची चौकशी करत उभा.

शेवटी जानेवारी २०२१ ला ब्लॅकवुड हा नवीन चॅप्टर, म्हणजे गेमचा वाढीव भाग, जाहीर झाला आणि जूनमध्ये दोन कंपॅनियन आले, ड्रॅगननाइट क्लासचा बॅस्टियन हॅलिक्स आणि नाइटब्लेड क्लासची मिरी एलेंडिस. गेम येऊन सात वर्षं झाल्यावर. कंपॅनियन ग्रुपमधली एक जागा खातो, म्हणजे चार जणांच्या डन्जनला दोन मित्र आणि दोघांचे दोन सोबती असं जाता येतं. पीव्हीपीत, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत, आणि एकट्याने लढायच्या अरीनात मात्र त्यांना बंदी. लढाईत ते फार भारी नाहीत, चांगल्या खेळाडूच्या जवळपासही नाहीत, आणि ते मुद्दामच असणार, नाहीतर माणसांना कोण विचारेल.

पण लोक बोलत बसले ते त्यांच्या लढाईबद्दल नाही. त्यांच्या रुसण्याबद्दल. यात रॅपोर्ट नावाची भानगड आहे, म्हणजे तुमच्यावर किती जीव आहे त्याचं मोजमाप. तुम्ही चोरी केली की बॅस्टियनला आवडत नाही. आणि मिरी, ही बाई थडग्यात माझ्यासोबत उतरते, खून पाडते, विषाचा व्यापार चालला तरी हूं की चूं नाही, पण रस्त्याच्या कडेला एक फुलपाखरू पकडलं की तिचा रॅपोर्ट धाडकन खाली. काजवे पकडले तरी तेच. ज्यांना मासेमारीचा नाद आहे (मला आहे) त्यांची पंचाईत, कारण नदीतल्या माश्यांना आमिष म्हणून हेच किड्यांचे तुकडे लागतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं बग आहे. नंतर कळलं की हा स्वभाव आहे. आणि लिडियानंतर दहा वर्षांनी नेमकं हेच हवं होतं, कुणीतरी टोकणारं.

आपल्याकडून खेळणाऱ्यांना याचा वेगळाच फायदा झाला तोही सांगतो. ईएसओचा सर्व्हर भारतात नाही, अमेरिका किंवा युरोप निवडायचा. युरोप घेतला तर जर्मनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेअकरा आणि थंडीत साडेबारा. म्हणजे तिथली गर्दी जमते तेव्हा इथे घरचे लाइट बंद करा म्हणून ओरडत असतात, वर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा वेळ, असा की टँक होऊन वेळेवर ब्लॉक करायचं म्हणजे नशिबाचा खेळ. अनोळखी ग्रुपमध्ये जाऊन शिव्या खाण्यापेक्षा मिरीला घेऊन दुपारी गुपचूप डन्जन उरकलेलं बरं. ती पिंगवरून बोलत नाही.

दोन मिळाले की चार हवेत हे आलंच. २०२२ ला हाय आयलमध्ये एंबर आणि इसोबेल आल्या, एक चोरीला टाळ्या वाजवणारी खाजीट जादूगार आणि एक नाइट व्हायची स्वप्नं बघणारी ब्रेटन टेम्प्लर. बॅस्टियनच्या नैतिकतेला कंटाळलेल्यांनी एंबरला डोक्यावर घेतलं. २०२३ ला नेक्रोममध्ये शार्प-अ‍ॅझ-नाइट हा आर्गोनियन वॉर्डन आणि अझांदार हा स्वतःच्या विद्वत्तेवर खूश असलेला रेडगार्ड आर्केनिस्ट. इथवर सहा कंपॅनियन, सहा वेगळे क्लास, उरला फक्त नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा जादूगार. मग काय, मागणीचा जोर सगळा तिकडे. आणि २०२४ च्या शेवटाकडे झेरिथ-वार आला, नेक्रोमॅन्सरच, टॅनलोरिन नावाच्या हाय एल्फसोबत. फरक एवढाच की हे दोघे चॅप्टरसोबत न येता क्राउन स्टोअरमधून वेगळे विकत. गिल्ड वॉर्सची २०११ ची आठवण झाली असेल तर बरोबर झाली.

झेरिथ-वार खाजीट, एंबरही खाजीट. आठ जणांत मांजरं दोन आणि ऑर्क शून्य, नॉर्ड शून्य, वुड एल्फ शून्य. ऑर्कवाले चिडणार नाहीत तर काय.

बरं, याद्यांमध्ये सगळ्यात वर नवीन पात्रं नसतातच, जुनी असतात. राझुम-दार, राणी आयरेनचा हेर, ज्याने समरसेट चॅप्टरमध्ये भाव खाल्ला. नारिऊ, मोराग टाँग या संघटनेची मारेकरी. डेरियन हा योद्धा. हे का देत नाहीत? माझा अंदाज असा की वन टॅम्रिएलनंतर कोण कुठली कथा आधी खेळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे तुमच्या मागे राझ उभा आणि समोर क्वेस्ट द्यायला दुसरा राझ उभा असं होणार, आणि कुणी कथेत मेलेला असेल तर आणखी घोळ. नवीन पात्राला भूतकाळ नसतो, ते सोयीचं पडतं. दुसरी गोष्ट आवाजाची. गेम पहिल्या दिवसापासून पूर्ण बोलका आहे आणि इंग्रजीसोबत फ्रेंच, जर्मनमध्येही डब होतो, म्हणजे मिरी एकदा फुलपाखरावरून चिडली की ती तीन भाषांत चिडलेली असते आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग. पाऊस आला, थडगं दिसलं, स्वयंपाक केला, सगळ्यावर वाक्यं लागतात. म्हणून हे लोक दोन-दोन करत येतात, वीस-वीस नाही.

आणि प्रेम? ती मागणीही स्कायरिमइतकीच जुनी. स्कायरिमच्या २०१२ च्या डॉनगार्ड या वाढीव भागात सेराना आली, गेमने तिच्याशी लग्न करू दिलं नाही, आणि लोकांनी मॉड करून केलं. ईएसओने कंपॅनियनना घट्ट मैत्रीवरच थांबवलंय. मला स्वतःला ते बरं वाटतं, स्टार वॉर्सवाल्यांची बायको-वाचवू-की-मित्र ही परीक्षा आठवते, पण मी इथे अल्पमतात आहे हे माहितीये.

मी ऑर्क मागणाऱ्यांतलाच. ऑर्क लोहार असावा, म्हातारा, आणि विकत घेतलेली तलवार बघून नाक मुरडणारा. तोवर मिरी आहे. नदीवर जायच्या आधी तिला डिसमिस करतो, आठ-दहा फुलपाखरं पकडतो, मग तिला परत बोलावतो आणि गळ टाकतो. आमिष कुठून आलं हे ती अजून तरी विचारत नाही.