कार्ड औषधाला चालतं, खोलीभाड्याला नाही

पोराला ब्लड कॅन्सर निघाला की बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडे पहिला प्रश्न असतो, "किती लाख लागतील?" औषधांपुरतं बोलायचं तर बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. (एपीएलवाल्यांना मात्र पॅकेजदराच्या 30 टक्केच.) महाराष्ट्रानंही सीमाभागातल्या 865 गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, त्यावरून राजकारण व्हायचं ते झालंच. माझ्या मते घर बुडतं ते बिलात न दिसणाऱ्या खर्चानं, आणि त्याचं मूळ उपचाराच्या स्वभावातच आहे.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. महिनाभराच्या केमोनंतर बहुतेकांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीही दिसेनाशा होतात, पोर खेळायला लागतं. तरी उपचार दोन-तीन वर्षं चालतात, कारण लपलेल्या पेशी उरलेल्या असतात.

पहिले काही महिने कसोटीचे. केमो अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथल्या) चांगल्या पेशीही मारते, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी पार तळाला जातात. अशात ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. "गोळी देऊ, सकाळी बघू" म्हणायची सोय नाही. बेंगळुरूचं किदवई काय, मुंबईत परळचं टाटा काय, ही दोन्ही कॅन्सर रुग्णालयं बेळगावहून 500 किलोमीटरच्या आसपास. म्हणून डिस्चार्ज मिळाला तरी गाव गाठता येत नाही; दवाखान्याजवळ खोली घ्यावी लागते. आई पोराजवळ, बापाचा पगार बुडालेला, धाकटं आजीकडे. त्यात रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशीही कमी होऊन बाहेरून द्याव्या लागतात, आणि दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळे परक्या शहरात पुन्हा पुन्हा रक्तदाते शोधायचे. सोसायटीचं कर्ज, गहाण पडलेलं सोनं इथं जातं.

पुढचा टप्पा गोळ्यांचा. रोजची मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, दोन्ही स्वस्त. पण एका अमेरिकी अभ्यासात, मर्कॅप्टोप्युरिनच्या 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या पोटात गेलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. नेमक्या याच काळात हातातले पैसे संपलेले असतात, पोर ठणठणीत दिसतं आणि तपासणीची फेरी चुकते.

तेव्हा दाखल होताच तिथल्या समाजसेवा विभागात मोफत निवाऱ्याची चौकशी करावी. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट फुकट असतं, सोबत्याला 75 टक्के सूट. फॉर्मवर दवाखान्याची सही लागते. आणि गोळ्यांच्या टप्प्यात रक्ततपासणी बेळगावातच करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, हे डॉक्टरांना बेधडक विचारावं.