ट्रेझरी बिल: नागपुरातून घरबसल्या खातं, बोली आणि परताव्याचा हिशोब

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. त्यावर व्याज मिळत नाही. ते दर्शनी मूल्यापेक्षा, म्हणजे बिलावरच्या रकमेपेक्षा, कमी भावात मिळतं. भाव 100 रुपयांमागे सांगतात, मुदत संपली की पूर्ण 100 रुपये हाती येतात, मधला फरक तुमचा. मुदती तीनच: 91, 182 आणि 364 दिवस. किमान गुंतवणूक 10,000 रुपये, पुढे 10,000 च्या पटीत.

रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 पासून सामान्य माणसासाठी 'रिटेल डायरेक्ट' सुरू केलं आहे, म्हणजे असे सरकारी रोखे थेट विकत घ्यायचं ऑनलाइन खातं. खातं उघडायला आणि सांभाळायला शुल्क नाही. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेचा) आकार लागला, तर तो मात्र आपला. खात्यासाठी नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही, सगळं पोर्टलवर किंवा ॲपवर होतं. निवासी व्यक्ती एकट्याने किंवा संयुक्त खातं उघडू शकते, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसणारे अनिवासी भारतीयही.

पॅन, आधार, रुपयातलं बचत खातं, चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल लागतो. रद्द केलेला चेक आणि सहीचा फोटो हाताशी ठेवा. नॉमिनी दोनपर्यंत देता येतात, ते लगेच भरून टाका.

अर्ज अडकतो तो बहुतेक नावावरून. पॅनवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नाही, बँकेत लग्नाआधीचं आडनाव, असा घोळ असेल तर आधी तो निस्तरा. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर ओटीपीच येत नाही.

ही बिलं रिझर्व्ह बँक लिलावात विकते. लिलाव साधारणपणे बुधवारी होतो आणि बिल लगेच पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात जमा होतं. वेळापत्रक मुंबईचं, त्यामुळे मारबतीची मिरवणूक बुधवारी आली तरी नागपूरकरांसाठी कुणी थांबत नाही. आपण भाव सांगायचा नसतो, फक्त रक्कम टाकायची. लिलावात निघालेला सरासरी भाव आपल्याला लागू होतो. एका लिलावात एका बिलासाठी एकच बोली चालते. पैसे यूपीआय किंवा नेटबँकिंगने आधीच भरावे लागतात, जास्तीचे परत येतात. मुदतीत पैसे पोचले नाहीत तर बोली बाद, म्हणून शेवटच्या तासावर ठेवू नका.

आता हिशोब. समजा 91 दिवसांचं बिल 98.60 ला पडलं. एक लाखाच्या बिलाला 98,600 रुपये द्याल, मिळकत 1,400. परतावा काढताना 1.40 ला 98.60 ने भागायचं, 365 ने गुणून 91 ने भागायचं. उत्तर वर्षाला सुमारे 5.70 टक्के. बरेच जण 98.60 ऐवजी 100 ने भागतात आणि 5.62 टक्के काढून बसतात. खिशातून गेलेली रक्कम 98.60 आहे, भागाकार तिनेच.

खरी गळती पुढच्या फेरीत होते. 91 दिवस म्हणजे बरोबर 13 आठवडे. गुरुवारी मिळालेलं बिल गुरुवारीच सुटतं, पण नव्या बिलाचे पैसे आदल्या दिवशीच्या लिलावाआधी भरायचे असतात. जुने पैसे त्या वेळी हातात नसतात. मग पुढच्या लिलावापर्यंत रक्कम आठवडाभर बचत खात्यात लोळते. त्या सात दिवसांसकट हिशोब केला, तर वरचे 5.70 टक्के 5.29 वर येतात. 364 दिवसांच्या बिलात हा खड्डा वर्षातून एकदाच पडतो. ऑगस्ट 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने ट्रेझरी बिलांसाठी स्वयंचलित बोलीची सोय जाहीर केली. नवी गुंतवणूक आणि पुनर्गुंतवणूक दोन्हीसाठी ती आहे. 91 दिवसांचं बिल फिरवत राहणार असाल, तर ही सोय सुरू करूनच पहिली बोली टाका.

या मिळकतीवर टीडीएस कापला जात नाही, पण कर आहेच. नफा साधारणपणे अल्पमुदतीचा भांडवली नफा म्हणून धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर बसतो. तो दाखवायचा तर आयटीआर-1 हा रिटर्नचा फॉर्म चालत नाही, पगारदाराला आयटीआर-2 भरावा लागतो. पैसे कापले नाहीत म्हणून रिटर्नमधून वगळू नका.

मुदतीआधी विकायचं झालं तर पोर्टलवरून दुय्यम बाजारात, म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदाराला, विकता येतं. मात्र छोट्या रकमेला लगेच गिऱ्हाईक भेटेलच असं नाही, आणि बाजारातले व्याजदर चढलेले असतील तर बिलाचा भाव पडतो. शाळेची फी किंवा दवाखान्यासाठी ठेवलेला पैसा यात घालायचा नाही.