ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज

पेशीत आलेल्या ग्लुकोजचा काही वाटा ऊर्जेऐवजी संरक्षणाच्या कामाकडे वळवणारे विकर, म्हणजेच एंझाइम. संक्षेपाने जी६पीडी. मानवात त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असून प्रथिनाच्या साखळीत ५१५ अमिनो आम्ले असतात.

पेंटोज फॉस्फेट मार्गाची पहिली पायरी हे विकर घडवून आणते. त्या पायरीवर ग्लुकोज-६-फॉस्फेटातील हायड्रोजन एनएडीपी या सहविकराला मिळतो आणि एनएडीपीएच तयार होते. हे समजायला सोलापूरच्या पूर्व भागातला चादरीचा जुना माग बरा. धोट्यातल्या कांडीवरचे सूत विणताना संपत जाते, कांडी रिकामी झाली की माग अडतो. म्हणून बाजूला कोणीतरी सतत कांड्या भरत असते. एनएडीपीएच ही भरलेली कांडी, एनएडीपी ही रिकामी, आणि कांड्या भरणारा हात जी६पीडीचा. विणकाम मात्र ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूचे. श्वसनात निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करताना ग्लुटाथायोनचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याला पूर्वस्थितीत आणायला एनएडीपीएच लागते. ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांचा तोल राहतो तो या फेऱ्यामुळे.

याच मार्गावर डीएनए-आरएनएसाठी लागणारी रायबोज शर्कराही बनते. भराभर विभागणाऱ्या भ्रूणाला जी६पीडी मुख्यतः त्या शर्करेसाठी लागत असावे, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. १९९५ मध्ये उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा पेशी वाढत राहिल्या, कारण रायबोज दुसऱ्या वाटेने मिळते. पण ऑक्सिडीकारक द्रव्याचा थोडासा मारा होताच त्या मेल्या. संपूर्ण भ्रूणातही तसेच दिसले. जी६पीडी नसलेला उंदराचा नर भ्रूण सुरुवातीला नीट रुजतो. रक्ताभिसरण सुरू होऊन प्राणवायूचा पुरवठा वाढतो तसा तो खंगू लागतो आणि साधारण साडेदहाव्या दिवसापर्यंत मरतो. ज्या प्राणवायूवर पुढची सगळी वाढ अवलंबून, तोच त्याला सोसत नाही.

मादी भ्रूणाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. सदोष जनुक आईकडून आणि निर्दोष जनुक वडिलांकडून आले, तर शरीराच्या काही पेशी धडधाकट असतात, कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू राहते. पण उंदराच्या वारेत वडिलांकडून आलेले एक्स गुणसूत्र बंद ठेवले जाते. त्यामुळे वारेला निर्दोष जनुकाचा उपयोगच होत नाही.

स्त्रीबीजातही या विकराची पातळी बोलकी असते. वाढ चालू असलेल्या अंडपेशीत ते जोरात काम करते, वाढ पुरी झाली की मंदावते. ब्रिलियंट क्रेसिल ब्लू या रंगद्रव्यात अंडपेशी ठेवल्या की कोवळ्या पेशी रंग उडवून टाकतात, पूर्ण वाढलेल्या निळ्याच राहतात. प्रयोगशाळेतील फलनासाठी निळ्या निवडतात. भारतात ही कसोटी म्हशींच्या अंडपेशींवरही वापरली गेली आहे. सोलापूर जिल्हा हे तर तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचे माहेरच.

मानवात हे विकर अजिबात नसल्याचे उदाहरण आढळत नाही, कमतरता मात्र जगात सुमारे ४० कोटी लोकांत असल्याचा अंदाज आहे. भारतात मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण हे प्रकार प्रामुख्याने दिसतात; शेवटच्या नावातले कल्याण आपल्या ठाणे जिल्ह्यातले. तांबड्या पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसल्याने एनएडीपीएचसाठी तिची सारी भिस्त याच विकरावर असते. हिवतापावरच्या प्रायमाक्विनमुळे अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी फुटतात, हे १९५६ मध्ये उलगडले. बाकल्याच्या (फावा बीनच्या) शेंगांनीही तसेच होते. वाल-पावटा हे वेगळ्या वनस्पतींचे दाणे, त्यांना यात ओढू नये.

घरात जपायची गोष्ट दुसरीच आहे. ट्रंकेत ठेवलेल्या सोलापुरी चादरीला कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये डांबरगोळ्या टाकतात. त्या नॅफ्थॅलीनच्या असतील आणि बाळात जी६पीडीची कमतरता असेल, तर अशा चादरीत गुंडाळलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. नॅफ्थॅलीनची वाफ श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते.